राजधानीतील चित्रबलाक : विणीच्या हंगामाची नोंद

पक्ष्यांविषयी बोलण्यास उभा राहणारा वक्ता बहुधा त्यांच्या रंगांविषयी, त्यांच्या गळ्याविषयी किंवा त्यांच्या दूरच्या प्रवासाविषयी बोलतो आणि श्रोत्यांचीही तीच अपेक्षा असते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय त्या मानाने रूक्ष वाटण्याचा संभव आहे. तो विषय आहे मोजणीचा. एका ठरावीक ठिकाणी, ठरावीक ऋतूत, वर्षानुवर्षे जाऊन घरटी किती, अंडी उबवणाऱ्या जोड्या किती, पिले किती आणि त्यांपैकी उडून गेलेली किती, हे लिहून ठेवण्याच्या कामाचा हा विषय होय. या कामात रोमहर्षक असे फारसे काही नसते. तथापि एखादी पक्ष्यांची जात एखाद्या प्रदेशात टिकून आहे की हळूहळू नाहीशी होत आहे, या प्रश्नाचे उत्तर याच कामातून मिळते. दुसऱ्या कोणत्याही मार्गाने ते मिळत नाही.

या कामासाठी उदाहरण म्हणून दिल्ली शहर निवडले आहे, याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु दिल्लीच्या मध्यभागी, पुराणा किल्ल्याच्या भिंतीला लागून, जंगली पक्ष्यांची एक मोठी विणीची वसाहत आहे. १९५९ साली तेथे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. १९८२ साली त्यास ‘राष्ट्रीय प्राणी उद्यान’ हे नाव देण्यात आले. उद्यानातील तळी खोदताना मध्ये लहान लहान बेटे ठेवली होती आणि त्यांवर झाडे वाढली होती. उद्यान सुरू झाल्यानंतर वर्षभरातच, म्हणजे १९६० साली, या बेटांवरील झाडांवर चित्रबलाकांनी घरटी बांधली. त्यांना कोणी पकडून आणले नव्हते, त्यांचे पंख कोणी छाटले नव्हते. ते आपण होऊन आले आणि ऋतू संपताच आपण होऊन निघून गेले. तेव्हापासून साठ वर्षांहून अधिक काळ ही वसाहत टिकून आहे. पिंजऱ्यातील वाघ-सिंह पाहण्यास आलेला प्रेक्षक डोक्यावरून जाणाऱ्या या मोठ्या पक्ष्यांकडे पाहून ते उद्यानाचेच असावेत असे समजतो. त्याची समजूत चुकीची असते. त्या जागेत खऱ्या अर्थाने स्वतंत्र असे तेच होत.

चित्रबलाक हा करकोच्यांच्या कुळातील पक्षी. उंची सुमारे एक मीटर. पंख पसरले असता टोकापासून टोकापर्यंतचे अंतर दीड मीटरहून अधिक. अंग पांढरे, छातीवर हिरवट काळ्या रेघांचा पट्टा, पंखांवर तशीच नक्षी आणि पाठीमागच्या बाजूस शेपटीवर उतरणारी गुलाबी पिसे. डोके पीसविरहित, नारिंगी. चोच लांब, पिवळी आणि टोकाशी किंचित खाली वळलेली. नर मादीहून थोराड असतो व त्याची चोच अधिक लांब असते. एरवी दोघांत फरक दिसत नाही. महाराष्ट्रातील वाचकांस हा पक्षी अपरिचित नाही. उजनी जलाशयाच्या काठी भिगवण परिसरात तो नित्य दिसतो आणि इंदापूर तालुक्यातील भादलवाडीच्या तलावावर त्याची वीण होते. पाणपक्ष्यांच्या अशा सामुदायिक विणीच्या जागेस मारुती चितमपल्ली यांनी ‘सारंगागार’ असा नेटका शब्द मराठीत रूढ केला. दिल्लीतील वसाहत हे असेच एक सारंगागार होय. तेथे चित्रबलाकांच्या शेजारी पाणकावळे, रातबगळे, पांढरे शराटी अशी इतर मंडळीही संसार थाटतात.

चित्रबलाकाच्या भक्ष्य पकडण्याच्या पद्धतीवर त्याच्या विणीचे सारे गणित अवलंबून असल्यामुळे ती पद्धत प्रथम समजून घेतली पाहिजे. बगळा मासा डोळ्यांनी हेरतो आणि झडप घालतो. चित्रबलाक तसे करीत नाही. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो आपली चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात बुडवतो आणि ती डावीउजवीकडे फिरवत पुढे सरकतो. मधूनच पायाने तळ ढवळतो. चोचीच्या आत मासा स्पर्शला की ती निमिषार्धात मिटते. ही शिकार आंधळी आहे. म्हणून गढूळ पाण्यातही ती साधते. परंतु तिला एक अट असते. पाणी उथळ हवे आणि त्यात लहान मासे दाटीने असावयास हवेत. खोल व विस्तीर्ण जलाशयात मासे पुष्कळ असले तरी चित्रबलाकाला त्यांचा उपयोग नसतो.

उत्तर भारतात ही अट वर्षातील एकाच काळात उत्तम रीतीने पूर्ण होते. जूनच्या अखेरीस मोसमी पाऊस दिल्लीत पोहोचतो आणि सप्टेंबरच्या शेवटी परत फिरतो. या चार महिन्यांत दिल्लीत सरासरीने सुमारे ६४० मिलिमीटर पाऊस पडतो. वर्षभराच्या पावसाचा हा फार मोठा हिस्सा होय. यमुनेचे पात्र पसरते, सखल शेतांत पाणी साचते, डबकी व झिली भरतात आणि या नव्या पाण्यात माशांची वीण होते. पाऊस संपल्यावर पाणी ओसरू लागते, तसतसे मासे आकसणाऱ्या पाण्यात एकवटतात. चित्रबलाक ऑगस्टच्या उत्तरार्धात घरटी बांधू लागतात, अंडी सुमारे महिनाभर उबवली जातात, आणि पिलांची भूक जेव्हा अनावर होते तेव्हा नेमके पाणी ओसरलेले व मासे दाटलेले असतात. दक्षिण भारतात पावसाचे वेळापत्रक निराळे आहे. तेथे हाच पक्षी निराळ्या महिन्यांत वीण करतो. वीण पावसाच्या मागोमाग येते, पंचांगातील तिथीप्रमाणे नव्हे, हा यातून निघणारा पहिला निष्कर्ष होय.

यावरून मोजणीचे महत्त्व ध्यानात येईल. पाऊस दरवर्षी सारखा पडत नाही. २०२१ च्या मोसमात दिल्लीत १,१६० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. १९६४ नंतर इतका पाऊस झाला नव्हता. याउलट काही वर्षे अवर्षणाची जातात. साहजिकच घरट्यांची संख्याही खालीवर होत राहते. एखाद्या वर्षी घरटी निम्म्यावर आली म्हणून हळहळणे आणि पुढच्या वर्षी ती दुप्पट झाली म्हणून समाधान मानणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच निरर्थक आहेत. पावसामुळे होणारा चढउतार कोणता आणि वसाहतीचा खरोखरीचा ऱ्हास कोणता, हे ओळखण्यासाठी पुष्कळ वर्षांची सलग नोंद हाताशी असावी लागते.

सुदैवाने दिल्लीच्या वसाहतीबाबत अशी नोंद बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. १९७० च्या दशकात उद्यानाचे जे. एच. देसाई आणि त्यांचे सहकारी यांनी पिलांच्या आहाराचा अभ्यास केला. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पक्षिशास्त्रज्ञ अब्दुल जमील उर्फी यांनी या वसाहतीचे निरीक्षण सुरू केले आणि दिल्ली विद्यापीठात अध्यापन करीत असताना आपल्या विद्यार्थ्यांसह ते चालू ठेवले. या कामाचा परिपाक म्हणून चित्रबलाकावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ २०११ साली प्रसिद्ध झाला. या अभ्यासांतून पावसाचे मान आणि वसाहतीचा आकार यांचा संबंध स्पष्ट होत गेला. उत्तर भारतातील वसाहतींवरील नंतरच्या एका संशोधनात असेही दिसून आले की, घरटे शेवटपर्यंत टिकण्याचा संबंध पावसाप्रमाणेच हिवाळ्यातील तापमानाशीही आहे. उशिरा बांधलेल्या घरट्यांतील पिले दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत सापडतात, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या निष्कर्षाचे नवल वाटत नाही.

आता ही मोजणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहणे इष्ट ठरेल. बाहेरून पाहता ती अत्यंत सोपी वाटते. झाडे समोर आहेत, पक्षी मोठे आहेत, घरटी उघड्यावर आहेत. मग अडचण कसली? पहिली अडचण अशी की, सर्व जोड्या एकाच वेळी वीण सुरू करीत नाहीत. एका झाडावर पिले मान वर काढून ओरडत असतात, तर शेजारच्या झाडावर दुसरी जोडी काटक्या आणीत असते. एखाद्या दिवशी जाऊन घरटी मोजली तर त्या दिवशीची संख्या मिळते. त्या हंगामात एकूण किती घरटी झाली हे कळत नाही. दुसरी अडचण, एक जोडी सोडून गेलेले घरटे दुसरी जोडी बळकावते, शिवाय शेजाऱ्याच्या घरट्यातील काटक्या पळविण्यात चित्रबलाकास काहीही गैर वाटत नाही. त्यामुळे काल असलेले घरटे आज दिसत नाही आणि आज दिसणारे घरटे कालच्याच काटक्यांचे असते. तिसरी अडचण पानांची. पावसानंतर झाडे दाट असतात; आतील घरटी झाकली जातात. थंडीत पाने विरळ झाल्यावर घरट्यांची संख्या अचानक वाढल्यासारखी वाटते, परंतु वाढलेली असते ती केवळ दृष्टीची सोय.

या अडचणींवर उपाय एकच आणि तो म्हणजे शिस्त. निरीक्षक बेटांचा नकाशा करतो, प्रत्येक झाडास क्रमांक देतो आणि तळ्याच्या काठावरील काही ठरावीक जागांवरूनच मोजणी करतो. बेटावर पाऊल ठेवण्याचा मोह त्याने टाळावयाचा असतो. कारण माणूस जवळ येताच मोठे पक्षी उडतात, आणि उघड्या पडलेल्या अंड्यांवर कावळे व घारी टपलेल्या असतात. आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळी, प्रत्येक घरट्याची अवस्था लिहिली जाते : बांधणी चालू, पक्षी बसलेला, पांढऱ्या लवेची पिले, उभी राहणारी पिले, पंख झापडणारी पिले. एका घरट्यात सामान्यतः दोन ते पाच अंडी असतात. पिले घरट्यात दोन महिन्यांहून अधिक काळ राहतात. भर दुपारी ऊन तापले की मोठा पक्षी पंख पसरून पिलांवर सावली धरतो. काही वेळा चोचीतून पाणी आणून त्यांच्यावर ओततो. हे दृश्य पाहणाऱ्याचे मन हेलावते, परंतु नोंदवहीत त्यास एका खुणेपुरतीच जागा असते.

शून्य लिहिण्यासही विसरता कामा नये. हा नियम वरवर क्षुल्लक वाटतो. एखाद्या झाडावर घरटे नाही, म्हणून त्या झाडापुढील रकाना कोरा सोडला, तर दहा वर्षांनी ती वही उघडणाऱ्यास काय कळणार? त्या दिवशी घरटे नव्हते, की निरीक्षकच आला नव्हता? कोरा रकाना आणि शून्य यांतील हा फरक जपला गेला नाही तर पुढील सर्व हिशेब डळमळीत होतो. पक्षिनिरीक्षणाच्या जगभरच्या नोंदवह्यांत जितकी माहिती चुकीच्या आकड्यांमुळे वाया गेली असेल, त्याहून कमी माहिती कोऱ्या रकान्यांमुळे गेली असेल असे म्हणता येणार नाही.

ज्या दिवसांत दिल्लीत चित्रबलाक पहिल्या काटक्या उचलीत असतात, त्याच दिवसांत यमुनेच्या चिखलावर आणि सुलतानपूर व नजफगढ येथील झिलींच्या काठावर चिमणीएवढे करडे पक्षी उतरू लागतात. त्यांना मराठीत छोटा टिलवा म्हणतात. वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम. दिल्लीत ते येतात तेव्हा त्यांची वीण आटोपलेली असते आणि ती झालेली असते उत्तर ध्रुववृत्तापलीकडे, युरोप व सायबेरियाच्या टुंड्रा प्रदेशात. तेथे झाडे नाहीत. जमिनीचा खालचा थर कायम गोठलेला असतो. बर्फ जूनमध्ये वितळते आणि ऑगस्ट संपेपर्यंत उन्हाळा संपत येतो. या काही आठवड्यांत, न मावळणाऱ्या सूर्याच्या प्रकाशात, डासांचे व कीटकांचे अमाप पीक येते आणि त्याच्या भरवशावर टिलव्यासारखे पक्षी जमिनीवरील खळग्यात अंडी घालून पिले वाढवतात. दिल्लीच्या चित्रबलाकास जसा पाऊस, तसे टुंड्रावरील पक्ष्यास बर्फाचे वितळणे. एकाचे गणित पाण्याच्या येण्यावर, दुसऱ्याचे बर्फाच्या जाण्यावर. परंतु गणिताची रीत एकच.

टुंड्रावरही अशीच ऋतुवार मोजणी चालते. ईशान्य ग्रीनलंडमधील झाकेनबर्ग येथे १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दर उन्हाळ्यात शास्त्रज्ञ तळ ठोकतात आणि बर्फाची जाडी, फुलांचे उमलणे, कीटकांची संख्या, पक्ष्यांची घरटी, कस्तुरी वृषभांची पाडसे आणि ध्रुवीय कोल्ह्यांची पिले यांची नोंद ठेवतात. २०१८ साली तेथे इतके बर्फ साठले आणि ते इतक्या उशिरा वितळले की, त्या वर्षी बहुतेक वनस्पती व प्राणी यांची वीण जवळजवळ झालीच नाही. पोहोचलेल्या पक्ष्यांना बर्फाविना जमीन सापडेना, अन्न मिळेना. वीस वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी हाताशी होत्या म्हणूनच हे वर्ष किती असाधारण होते, हे शास्त्रज्ञांना ठामपणे सांगता आले. एखादा प्रवासी त्या उन्हाळ्यात तेथे प्रथमच गेला असता, तर टुंड्रा हा असाच निर्जीव प्रदेश असतो, अशी समजूत करून घेऊन तो परतला असता.

टुंड्रावरील आणखी एक नाते येथे सांगण्याजोगे आहे. तेथे लेमिंग नावाचे उंदरासारखे लहान प्राणी असतात. पुष्कळ भागांत त्यांची संख्या दर तीन-चार वर्षांनी भरमसाट वाढते आणि मग एकदम कोसळते. लेमिंग विपुल असतात तोवर ध्रुवीय कोल्हा त्यांवर पोट भरतो. ते नाहीसे झाले म्हणजे तो पक्ष्यांच्या अंड्यांकडे व पिलांकडे वळतो. त्या वर्षी सायबेरियातील टुंड्रावरून दक्षिणेकडे निघणाऱ्या थव्यांत नवी पिले फारच थोडी असतात. पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावर हिवाळा काढणाऱ्या ब्रेंट हंसांच्या थव्यांतील तरुण पक्षी मोजून, हजारो किलोमीटर दूरच्या तैमिर द्वीपकल्पात लेमिंगांचे ते वर्ष कसे गेले, याचा अंदाज निरीक्षकांनी बांधलेला आहे. टिलव्याचे पहिल्या वर्षीचे पिलूही ओळखता येते. त्याच्या पाठीवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची ठळक पांढरी रेघ असते. नजफगढच्या चिखलावर दुर्बीण लावून बसलेला मनुष्य जेव्हा थव्यातील अशी पिले मोजतो, तेव्हा तो नकळत टुंड्रावरील उन्हाळ्याचीच नोंद घेत असतो.

अशा कामाची परंपरा दिल्लीस नवी नाही. इंग्रजी अमदानीत बेसिल-एडवर्ड्स यांनी १९२६ साली आणि फ्रोम यांनी १९४० च्या दशकात दिल्ली परिसरातील पक्ष्यांच्या याद्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, होरेस अलेक्झांडर यांच्या पुढाकाराने दिल्लीत पक्षिनिरीक्षकांची एक संस्था स्थापन झाली. इंदिरा गांधी तिच्या आरंभीच्या सदस्यांपैकी होत. उषा गांगुली यांनी वर्षानुवर्षे केलेल्या निरीक्षणांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९७५ साली, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात येतो, कोणता वीण करतो, कोणता केवळ वाटसरू आहे, हे त्यात महिनावार सापडते आणि आजच्या नोंदी त्याच्या शेजारी ठेवून पाहता येतात.

सुलतानपूरचे उदाहरण तर या कामाचे व्यावहारिक फळ दाखविणारे आहे. गुडगावजवळील ही उथळ, खारट पाण्याची झील पूर्वी फारशी कोणाच्या खिजगणतीत नव्हती. दिल्लीतील पक्षिनिरीक्षक तेथे जात, येणाऱ्या पक्ष्यांची नोंद ठेवीत. त्यांपैकी एक, वृत्तसंस्थेचे वार्ताहर पीटर जॅक्सन यांनी या झिलीचे महत्त्व तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या कानी घातले आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथे पक्षी अभयारण्य झाले. पुढे त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०२१ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. झिलीत मातीचे उंचवटे करून त्यांवर झाडे लावण्यात आली. आज चित्रबलाक तेथेही वीण करतात. वह्यांतील नोंदी हाती होत्या म्हणूनच शासनापुढे निश्चित असे काही मांडता आले.

याउलट भरतपूरची हकीकत मन विषण्ण करणारी आहे. भरतपूर जिल्हा २०१३ पासून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात गणला जातो. तेथील केवलादेव उद्यानात सायबेरियातून क्रौंच पक्ष्यांचा एक समूह दर हिवाळ्यात येत असे. १९६४-६५ च्या हिवाळ्यात त्यांची संख्या दोनशेच्या घरात होती. त्यानंतरच्या प्रत्येक दशकात ती घटत गेली. १९९० च्या दशकात ती एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसलेली जोडी शेवटची ठरली. प्रवासाच्या मार्गावरील शिकार आणि विश्रांतीच्या पाणथळ जागांचा नाश ही यामागची कारणे मानली जातात. आकडे होते, ते वर्षानुवर्षे खाली येत असलेले सर्वांस दिसत होते, तरीही ती जात भारताच्या भूमीवरून गेली. तेव्हा मोजणीने पक्षी वाचतात, असा भ्रम कोणी बाळगू नये. मोजणी केवळ वेळेवर सांगते. सांगितलेले ऐकून कृती करणे हे दुसऱ्यांचे काम असते.

चित्रबलाकांच्या बाबतीत तसे होणार नाही ना, हा प्रश्न आज गैरलागू नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एच५एन८ या विषाणूमुळे होणाऱ्या पक्षिज्वराची साथ दिल्लीच्या प्राणी उद्यानात शिरली, पक्षी दगावले आणि उद्यान काही महिने बंद ठेवावे लागले. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस पक्षिज्वरामुळे ते पुन्हा बंद करण्यात आले आणि त्या वेळीही बाधित पक्ष्यांत चित्रबलाक होते. दाट वसाहतीत घरटे घरट्यास लागून असते. समूहाने राहण्याचे फायदे पुष्कळ, परंतु रोगालाही तीच सोय होते. अशा साथीनंतर वसाहत सावरली की नाही, हे ठरविण्यासाठी साथीपूर्वीचे आकडे लागतात. आणि साथीच्या काळात तर निरीक्षकासही दारातच अडविले जाते. तेव्हा नेमक्या गरजेच्या वर्षीच नोंदीत खंड पडण्याचा धोका असतो.

दुसरा प्रश्न झाडांचा. दिल्लीतील आणि सुलतानपूर येथील पुष्कळ घरटी विलायती किकरावर, म्हणजे मराठीत ज्यास वेडी बाभूळ म्हणतात त्या झाडावर असतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील. ते देशी वनस्पतींना हटवून फोफावते म्हणून दिल्लीच्या अरवली टेकड्यांवरील अरण्यपट्ट्यांतून ते टप्प्याटप्प्याने काढून देशी झाडे लावण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि ते योग्यही आहेत. परंतु चित्रबलाकाच्या लेखी देशी-विदेशी हा भेद नाही. पाण्याने वेढलेले, काटेरी आणि घरट्याचा भार पेलणारे झाड एवढेच तो पाहतो. कोणत्या झाडावर किती घरटी हे वर्षानुवर्षे लिहिलेले असेल, तरच कोणते झाड राखावयाचे, कोणते आधी काढावयाचे आणि त्याच्या जागी वाढणारे देशी झाड घरट्यांच्या योग्यतेचे केव्हा होईल, हे सांगता येईल.

तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा. उद्यानातील बेटे सुरक्षित राहिली तरी पिलांचे अन्न बाहेरून येते. मोठे पक्षी यमुनेच्या पात्राकडे, ओखल्याकडे, भोवतालच्या उथळ पाण्याकडे उडून जातात व मासे घेऊन परततात. १९८० च्या दशकात ओखला येथे बंधारा झाला, त्यामागे विस्तीर्ण जलाशय तयार झाला आणि १९९० साली तेथे अभयारण्य घोषित झाले. हा लाभ खरा. परंतु नजफगढची जुनी झील १९६० च्या दशकात नाला रुंद केल्यानंतर मोठ्या प्रमाणात आटली. यमुनेत शहराचे सांडपाणी मिसळत राहिले. गावोगावच्या तळ्यांवर वस्त्या उभ्या राहिल्या. जुलै २०२३ मध्ये यमुनेने जुन्या रेल्वे पुलापाशी २०८.६६ मीटर ही आजवरची सर्वांत उंच पातळी गाठली, तेव्हा नदीने आपली जुनी पूरभूमी पुन्हा एकदा दाखवून दिली. ती पूरभूमी जितकी मोकळी राहील, तितके उथळ पाणी राहील, आणि उद्यानातील झाडांवर चोच वासून बसलेल्या पिलांपर्यंत मासे पोहोचतील. बेटांवरील घरट्यांची संख्या ही अशा रीतीने संपूर्ण परिसरातील पाण्याचा ताळेबंद ठरते.

या कामासाठी मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही, हे शेवटी आवर्जून सांगितले पाहिजे. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी असे सामान्य नागरिक भाग घेत आले आहेत. एक साधी दुर्बीण आणि वही एवढेच त्यांचे भांडवल. जानेवारीतील ही गणना पाहुण्या पक्ष्यांची होय. विणीच्या पक्ष्यांची गणना मात्र एका दिवसात आटोपत नाही. तिला ऑगस्टपासून मार्चपर्यंत दर आठवड्याचा एक दिवस द्यावा लागतो. आणि एका हंगामाने काही सिद्ध होत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा यावे लागते. जो आरंभ करतो त्यास निष्कर्ष बहुधा पाहावयास मिळत नाहीत; ते त्याच्या मागून येणाऱ्यांस मिळतात.

महाराष्ट्रात भादलवाडीसारखी अनेक सारंगागारे गावांच्या शिवारात, एखाद्या जुन्या तलावाच्या काठी किंवा वस्तीतील चिंचेच्या झाडांवर आहेत. त्या गावांतील शाळांनी एकेका सारंगागाराची वही घातली, झाडांना क्रमांक दिले, पहिल्या घरट्याची तारीख आणि त्या वर्षीचा पाऊस शेजारी शेजारी लिहिला आणि घरटे नसेल त्या आठवड्यात न चुकता शून्य मांडले, तर वीस वर्षांनी त्या गावाजवळ आपल्या पाण्याचा व पक्ष्यांचा असा इतिहास जमा होईल, जो आज कोणत्याही कचेरीत उपलब्ध नाही. दिल्लीच्या गजबजाटात, वाहनांच्या आणि प्रेक्षकांच्या गोंगाटात जर ही वही साठ वर्षे निरनिराळ्या हातांनी लिहिली जाऊ शकते, तर गावाच्या शांत तलावाकाठी ती लिहिली जाण्यास काही अडचण असू नये.